फ्रेदेरिक ब्रुली बुआब्रेची चित्रं कशी वाचावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका कलामहाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना आयव्हरी कोस्टचा स्वयंशिक्षित चित्रकार फ्रेदेरिक ब्रुली बुआब्रे याच्या कामाच्या प्रतिकृती लावून छोटं प्रदर्शन भरवायचं आहे. जिथे तिथे त्याची ओळख ‘आउटसायडर आर्टिस्ट’, म्हणजे कलाजगताबाहेरचा कलावंत, अशी दिलेली दिसते. मुखवटे, नक्षी, कोरीवकाम असं ‘आफ्रिकी’ म्हणून जे ओळखू येतं, ते त्याच्या चित्रांत फारसं सापडत नाही. मग त्याचा सांस्कृतिक वारसा शोधायचा कुठे, त्याला आउटसायडर म्हणायचं का, आणि शेजारी वारली चित्रं लावली तर चालतील का, असं त्यांनी विचारलं आहे.

कागदावरच्या कामांच्या नोंदी करणं आणि त्यांची मांडणी करणं हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यात कलाशाळेची पायरी न चढलेल्यांचं काम पुष्कळ असतं. बुआब्रे मला त्या सगळ्यांत फार जवळचा वाटतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

त्याची चित्रं लहानशा पुठ्ठ्याच्या कार्डांवर आहेत, तेव्हा आधी कार्ड बघा. आकार साधारण १५ बाय १० सेंटिमीटर, म्हणजे एका हातात सहज धरता येईल एवढा. मधोमध एकच आकृती: एखादा चेहरा, एखादं फळ, एखादा पक्षी, समोरासमोर उभी दोन माणसं. बाह्यरेषा बॉलपेनची, आत रंगीत पेन्सिलीची भर. रंग मोजकेच आणि पेन्सिलीचे फटकारे लपवलेले नाहीत. आकृतीभोवती चौकट, आणि त्या चौकटीच्या कडेकडेने फिरत जाणारा फ्रेंच मजकूर, सगळा मोठ्या रोमन अक्षरांत. तो सलग वाचायचा तर कार्ड हातात फिरवावं लागतं. पुठ्ठा विकत आणलेल्या ड्रॉइंग पेपरचा नाही. आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहराच्या बाजारात बायकांसाठी गंगावनं मिळतात, त्यांच्या पाकिटांतले पुठ्ठे तो गोळा करायचा. सत्तरच्या दशकात त्याने अशी कार्डं करायला सुरुवात केली आणि पुढे आयुष्यभर करत राहिला. या सगळ्या मालिकेला त्याने ‘जगाचं ज्ञान’ अशा अर्थाचं फ्रेंच नाव दिलं होतं.

बहुतेक जण पहिली गफलत इथेच करतात. मधलं चित्र उचलतात आणि कडेचा मजकूर नक्षी समजून सोडून देतात. काही प्रतिकृतींत तर तो चक्क कापलेला असतो. पण बुआब्रेच्या बाबतीत मजकूर आधी आणि चित्र नंतर, हा क्रम त्याच्या आयुष्यातूनच आलेला आहे. कार्डं काढायला लागण्याआधी दोन-अडीच दशकं तो लिहीत होता.

त्याचा जन्म १९२३ च्या सुमाराचा, आयव्हरी कोस्टच्या पश्चिम भागातल्या दालोआ शहराजवळच्या झेप्रेगुहे गावातला. तो बेते समाजाचा. दालोआ, गान्योआ, सुब्रे हा बेते लोकांचा जंगलपट्टा. या समाजाला राजे नव्हते, दरबार नव्हता, राजवाड्यात जपून ठेवलेल्या वस्तू नव्हत्या. कुळं आणि गावं हीच रचना, आणि जे काही जपायचं ते तोंडी: कथा, गाणी, वंशावळी, म्हणी. शिक्षण मात्र फ्रेंच शाळेत झालं, पुढे वसाहती प्रशासनात कारकुनी केली. स्वतःच्या समाजाच्या कथा आणि चालीरीती तो लिहून काढत होता. फ्रेंच संशोधकांसाठी माहिती देण्याचं कामही त्याने केलं. म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर रोज काय होतं? फायली, रकाने, नोंदवह्या, शिक्के, तारखा. त्याच्या कार्डांवरची चौकट आणि मजकूर पाहताना मला कायम दफ्तरातलं नोंदपत्रच आठवतं. फरक एवढाच की नोंद कोणाची करायची हे इथे साहेब ठरवत नाही.

आता त्या प्रसिद्ध साक्षात्काराबद्दल. ११ मार्च १९४८ रोजी सेनेगलमधल्या डाकारमध्ये असताना त्याला दर्शन घडलं: आकाश उघडलं आणि मातेसारख्या एका सूर्याभोवती सात रंगीत सूर्यांनी फेर धरला. त्या दिवसापासून त्याने स्वतःला शेख नाद्रो, म्हणजे न विसरणारा, असं नाव घेतलं. पुढे स्वतःचा एक धर्मपंथही स्थापन केला. ‘आउटसायडर’ म्हणून त्याच्यावर लिहिणारे हा प्रसंग हमखास पुढे करतात. एक विलक्षण, एकाकी, थोडा भ्रमिष्ट माणूस, अशी प्रतिमा त्यातून तयार होते. इथे मी ठामपणे असहमत आहे. पश्चिम आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावर दर्शन होणं ही एक ओळखीची, समाजमान्य गोष्ट होती, आणि दर्शन झालेल्या माणसाने काहीतरी कामाला लागणं हेही अपेक्षित होतं.

दाखले शेजारचेच आहेत. लायबेरियातला विल्यम वादे हॅरिस हा ग्रेबो समाजाचा माणूस. ग्रेबो आणि बेते या दोन्ही भाषा क्रू या एकाच कुळातल्या. १९१० मध्ये तुरुंगात असताना गॅब्रिएल देवदूताने आपल्याला दर्शन दिलं असं तो सांगे. १९१३-१४ मध्ये तो आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याने पायी उपदेश करत फिरला, आणि लाखाच्या घरात लोकांनी त्याच्याकडून बाप्तिस्मा घेतला. बुआब्रेचा जन्म याच प्रदेशात, त्यानंतर दहाएक वर्षांनी झालेला. त्याच लायबेरियात १८३० च्या दशकात मोमोलू दुवालू बुकेले याने वाई भाषेसाठी लिपी तयार केली, तीही स्वप्नातून सुचल्याचं तो सांगत असे. ती लिपी टिकली. वाई लोकांनी तिच्यात पत्रं लिहिली, हिशेब ठेवले.

आणि १९४९ मध्ये, म्हणजे बुआब्रेच्या दर्शनाच्या पुढच्याच वर्षी, सोलोमाना कांते याने मांदे कुळातल्या भाषांसाठी न्’को लिपी पुरी केली. कुठे, तर आबिजानजवळच्या बिंजरव्हिलमध्ये. आफ्रिकी भाषा लिहिता येत नाहीत, अशा अर्थाचं एका पत्रकाराचं विधान कांतेच्या वाचनात आलं होतं आणि ते त्याला फार लागलं होतं. न्’को आज गिनी, माली आणि आजूबाजूच्या देशांत जिवंत आहे. तिच्यात पुस्तकं निघतात.

या सगळ्यांच्या शेजारी बुआब्रेला बसवा. फ्रेंच राजवटीच्या शेवटच्या दशकात, आपली भाषा कागदावर उतरत नाही म्हणून आपल्याला अडाणी ठरवलं जातं, हे अनेकांना एकाच वेळी खुपत होतं. बुआब्रे त्यांतला एक. त्याने काय केलं तर बेते भाषेसाठी चित्रलिपी रचली.

ही लिपी चालते कशी ते नीट समजून घ्या, कारण त्याच्या सगळ्या चित्रांची किल्ली तिच्यात आहे. एकाक्षरी बेते शब्द त्याने जमवले आणि प्रत्येकासाठी त्या वस्तूचं किंवा कृतीचं साधं चित्र ठरवलं. अशी सुमारे साडेचारशे चित्रं झाली. चित्र त्या वस्तूसाठी तर आहेच, पण लिहिताना ते त्या उच्चारासाठी वापरायचं. मराठीत कानाचं चित्र आणि त्याच्यापुढे नदीच्या पुराचं चित्र काढून ‘कानपूर’ लिहावं, तसं. या पद्धतीने मोठे बेते शब्द लिहिता येतात, आणि परभाषेतली नावंही. बेकोरा नावाच्या गावातल्या दगडांवर दिसणाऱ्या भौमितिक आकृत्यांत त्याला आधीच्या लेखनाच्या खुणा वाटल्या होत्या, लिपीची प्रेरणा त्यांतूनही आली. डाकारच्या संशोधन संस्थेचे प्रमुख, निसर्गशास्त्रज्ञ तेओदोर मोनो यांनी १९५८ मध्ये संस्थेच्या पत्रिकेत ही लिपी प्रसिद्ध केली. आयव्हरी कोस्ट स्वतंत्र झाला १९६० मध्ये. पुढे शाळांतून फ्रेंचच राहिली आणि बेते लिपी व्यवहारात रुजली नाही. पण बुआब्रेने ती सोडली नाही. १९९० च्या आसपास त्याने सगळी अक्षरं पुन्हा कार्डांवर काढली. मधोमध चित्र, सोबत रोमन अक्षरांत उच्चार, कडेने फ्रेंच स्पष्टीकरण.

आता पुन्हा त्याच्या इतर कार्डांकडे वळा. आकृती इतकी सपाट का, पार्श्वभूमी का नाही, एका कार्डावर एकच गोष्ट का, याचं उत्तर आपोआप मिळतं. ती अक्षराच्या वळणाने काढलेली आहेत. चटकन ओळखू यावं आणि दुसऱ्याशी गल्लत होऊ नये, ही त्यांची पहिली गरज. ‘लहान मुलासारखं भोळं रेखाटन’ असं कोणी लिहिलं असेल तर ते वाक्य प्रदर्शनात अजिबात वापरू नका. लिपी रचणारा माणूस प्रत्येक रेघेचा विचार करतो.

वारशाचा प्रश्न इथे येतो. तुम्ही त्याच्यात मुखवटे शोधलेत, यात तुमचा दोष नाही. आयव्हरी कोस्टमधले दान समाजाचे मुखवटे आणि बावुले समाजाच्या मूर्ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपातल्या चित्रकारांच्या आणि संग्राहकांच्या घरात पोचल्या होत्या, त्यामुळे त्या देशाचा वारसा म्हणजे लाकडात कोरलेलं काहीतरी, असं सगळ्यांच्याच डोक्यात बसलं. बुआब्रेचा वारसा वेगळ्या ठिकाणी आहे: खुणा वाचण्याच्या सवयीत आणि ऐकलेलं जपण्याच्या जबाबदारीत.

खुणा वाचण्याचं उदाहरण म्हणजे कोलाची फळं. कोला हे त्या जंगलपट्ट्यातलं पीक, पूर्वीपासून उत्तरेकडच्या व्यापाऱ्यांना विकलं जाणारं. पाहुणा आला की कोला पुढे करायचा, सोयरीक ठरवताना कोला न्यायचा, आणि पश्चिम आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी कोलाच्या पाकळ्या टाकून कौलही लावतात. बुआब्रेने कोलावरच्या, संत्र्याच्या आणि केळ्याच्या सालीवरच्या रेघा आणि डाग टिपून मालिका केल्या. ढगांतले आकारही टिपले. मजकुरात तो लिहितो की या फळावर दिसलेली ही खूण. जे दिसलं ते नोंदवलं, इतक्याच सुरात. जगभर लेखन पसरलेलंच आहे, ते उतरवून घेणारा पाहिजे, असा त्याचा भाव मला या कार्डांतून स्पष्ट दिसतो.

जबाबदारीचं उदाहरण म्हणजे आफ्रिकी चेहऱ्याचं संग्रहालय, हे नाव त्यानेच दिलेलं. त्यात तो चेहऱ्यावरच्या व्रणांचे नमुने काढतो. गालावर, कपाळावर मुद्दाम केलेले हे व्रण पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक समाजांत माणूस कुठला, कोणाचा, हे सांगत. विसाव्या शतकात ही चाल झपाट्याने मागे पडली. ज्या पिढीच्या चेहऱ्यावर ते व्रण होते ती जात होती, नव्या पिढीच्या चेहऱ्यावर ते नव्हते, आणि लेखी नोंद परक्यांनी केलेली, तीही बहुतेक छायाचित्रांत. बुआब्रेने ती स्वतःच्या हाताने केली. या मालिकेतला एखादा चेहरा मोठा करून पाहा. व्रणांच्या रेघांना त्याने डोळ्यांइतकंच महत्त्व दिलंय. नाक-तोंड ठरावीक वळणाचं, पण व्रण मात्र दर कार्डावर वेगळे. तिथे त्याला व्यक्तिचित्र काढायचं नव्हतं. चेहऱ्यावर लिहिलेलं अक्षर वाचता येईल असं ठेवायचं होतं.

बेते पुराणकथांवरही त्याची कार्डं आहेत. पण त्यांच्याच बरोबरीने राष्ट्रध्वज आहेत, देशोदेशीचे नेते आहेत. जगातल्या स्त्रियांना वंदन करणाऱ्या २००७ च्या मालिकेत प्रत्येक स्त्री आपापल्या देशाच्या ध्वजाच्या रंगांत उभी आहे. २०१० च्या निवडणुकीनंतर देशात रक्त सांडलं, त्या काळात ऐंशी ओलांडलेल्या या माणसाने लोकशाही म्हणजे समतेचं शास्त्र, अशा अर्थाची मालिका केली. वारसा म्हणजे फक्त जुनं, असं धरून तुम्ही ही कार्डं बाजूला ठेवाल तर अर्धा बुआब्रे गमवाल. दालोआजवळच्या गावातून जगाकडे बघायला त्याला कोणाची परवानगी लागली नाही.

‘आउटसायडर’बद्दल. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच फ्रेंच चित्रकार झाँ द्युब्युफे याने मनोरुग्णालयांत, तुरुंगांत, एकांतात तयार झालेलं काम जमवायला सुरुवात केली. कलासंस्कृतीचा वारा न लागलेली कला त्याला हवी होती. १९७२ मध्ये इंग्लंडच्या रॉजर कार्डिनल यांनी त्याच कल्पनेला ‘आउटसायडर आर्ट’ हे इंग्रजी नाव दिलं. ही कल्पना युरोपातल्या कलाव्यवहाराला कंटाळलेल्या माणसाची आहे, आणि तिथे तिचा उपयोग झालाही. बुआब्रेला मात्र ती लागू पडत नाही. तो आपल्या समाजापासून तुटलेला नव्हता, उलट त्या समाजाचा लेखनिक होता. लेखन-प्रकाशनाच्या जगातही त्याची नोंद १९५८ मध्येच झालेली होती. पॅरिस-न्यूयॉर्कच्या दालनांपासून लांब असणं एवढ्यावरून कोणी बाहेरचा ठरत असेल, तर मग आत कोण आहे ते कोण ठरवतं, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी जरूर चर्चेला घ्यावा. ‘स्वयंशिक्षित’ म्हणायला माझी हरकत नाही, कारण चित्रकला त्याला कोणी शिकवली नाही हे खरंच आहे.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. १९८९ च्या पॅरिसमधल्या ‘माजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनाने आणि त्यानंतर जाँ पिगोझी यांच्यासारख्या संग्राहकांनी त्याला जगापुढे आणलं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या डिया कलाकेंद्रात इटलीचा कलावंत अलिगिएरो बोएत्तीसोबत त्याचं प्रदर्शन झालं, २००२ मध्ये तो जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात होता, २०१३ मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात. २०१४ च्या जानेवारीत तो आबिजानमध्ये वारला. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचं मोठं प्रदर्शन भरवलं, त्यात ती पूर्ण चित्रलिपी होती. हे लक्ष गेलं नसतं तर पुठ्ठ्यांची ती थप्पी वाळवीने खाल्ली असती, अशी शक्यता मी नाकारत नाही. पण बाजाराचा एक तोटाही झाला: कार्डं एकेकटी विकली जातात, आणि जे मालिकेतलं एक पान होतं ते भिंतीवरचं सुटं चित्र होऊन बसतं.

तेव्हा प्रतिकृती लावताना एकेक कार्ड मोठ्या फ्रेममध्ये, भोवती भरपूर पांढरी जागा सोडून लावू नका. पंधरा-वीस कार्डं मूळ आकारात, जवळजवळ, ओळींत लावा. म्हणजे ती वाचली जातील. प्रत्येकाच्या कडेच्या मजकुराचा मराठी अनुवाद खाली छापा, पूर्ण छापा. फ्रेंच येणारं कोणीतरी गाठा आणि त्याच्याकडून तपासून घ्या. बुआब्रेचं फ्रेंच जरा भारदस्त, जुन्या शाळेच्या वळणाचं आहे, ते यंत्राकडून अनुवादून घेतलं की सगळा सूर जातो. काही प्रतिकृती टेबलावर मोकळ्या ठेवा, लोकांना हातात घेऊन फिरवू द्या. खरी कार्डं असती तर याच्या अगदी उलट सांगितलं असतं: बॉलपेनची शाई उजेडाने उडते आणि पाकिटांचा पुठ्ठा आम्लामुळे पिवळा पडून ठिसूळ होतो, म्हणून संग्रहालयं अशी कामं ५० लक्सच्या आसपासच्या मंद प्रकाशात आणि थोडेच दिवस दाखवतात. प्रतिकृतींना ते बंधन नाही, त्याचा फायदा घ्या.

वारलीचा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला. शेजारी लावायला खरा आधार आहे: १९८९ च्या त्याच पॅरिस प्रदर्शनात डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेही होते. दोघांची कामं एकाच प्रदर्शनात लागली होती. पण ‘दोन आदिवासी चित्रकार’ अशा मथळ्याखाली त्यांना एकत्र आणलंत तर दोघांवरही अन्याय होईल. म्हसे यांच्यामागे चित्रांची तयार परंपरा होती. लग्नघराच्या भिंतीवर काढतात तो लग्नाचा चौक, त्यातली पालघाट देवी, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि तो चौक लिहिण्याचा सुवासिनींचा हक्क. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन त्या भागात गेले, आणि म्हसे यांनी ती भाषा लग्नघराच्या भिंतीवरून उचलून शेत, मासेमारी, मुंग्यांची वारुळं, रेल्वे अशा कशासाठीही वापरून दाखवली. बुआब्रेच्या मागे अशी चित्रपरंपरा नव्हती. त्याच्यामागे तोंडी परंपरा होती, आणि तिला चित्राचं रूप त्याने स्वतः शोधून दिलं. एकाने रूढ चित्रभाषा मोकळी केली, दुसऱ्याने बोलीसाठी नवी चित्रभाषा घडवली. हा फरक भिंतीवर दिसला पाहिजे. समोरासमोरच्या दोन भिंती घ्या. म्हसे यांच्या बाजूला आधी चौकाचं एक चित्र लावा आणि मग त्यांची कथाचित्रं. बुआब्रेच्या बाजूला आधी चित्रलिपीची काही कार्डं लावा आणि मग व्रणांचे चेहरे, कोला, ध्वज.

मधल्या फलकावर १९८९ चं प्रदर्शन आणि दोघांची गावं येऊ द्या, झेप्रेगुहे आणि डहाणूजवळचा कळंबीपाडा, दोन्ही नकाशासह. ‘आउटसायडर’ शब्द फलकावर घ्यायचाच असेल तर तो कोणी, कधी आणि कशासाठी वापरला तेही त्याच ओळीत लिहा.